शिंपुलीचे तीन खिसे आणि एक गुंज

एक होती शिंपुली. शिंपी पक्ष्याची शिंपुली. केवढी? एवढीशी! तुझ्या मुठीत मावेल आणि शेपटी तेवढी बाहेर राहील, एवढी.

शिंपुली काय करायची? झबली शिवायची. चोच हीच सुई. कापसाचा दोरा. टुच् टुच् सुर्रर्र. टुच् टुच् सुर्रर्र. झालं झबलं! पिवळं झबलं. हिरवं झबलं. पोटावर फूल काढलेलं झबलं. तिच्यासारखं झबलं शिवून दाखवा बरं कोणी! नाहीच जमायचं.

पण शिंपुलीचं दुकान होतं कर्दळीच्या पानाआड. ससूबाई पुढून गेल्या. त्यांना दिसलं नाही. खारूताई वरून गेली. तिलाही दिसलं नाही. चुकूनमाकून एखादं गिऱ्हाईक यायचं. बाकीची झबली दोरीवर आपली डुलत बसायची.

मग शिंपुली गेली सुतारदादाकडे. सुतारदादा म्हणजे सुतारपक्षी. चोचीने टक टक टक करायचा आणि मोबाइलमधली दुकानं बांधायचा. मोठी माणसं त्याला वेबसाइट म्हणतात. घरबसल्या बोट लावलं की दुकान उघडतं!

"सुतारदादा, सुतारदादा, मला मोबाइलमधलं दुकान बांधून दे."

"देतो की शिंपुताई! नाचणारा पिसारा लावू? वाजणारं गाणं लावू? चमचम चांदण्या लावू?"

"आणि त्याला पडेल किती?"

"मूठभर गुंजा."

गुंज ठाऊक आहे ना? लालचुटूक बी, तिला काळी टिकली. रानात तोच रुपया.

शिंपुलीने मान हलवली. "पिसारा नको. गाणं नको. चांदण्या नकोत. माझं नाव हवं. झबल्याचा फोटो हवा. घराचा पत्ता हवा. बास!"

"मग एकच गुंज. आणि दर दिवाळीला एक दाणा, दुकान झाडायला-पुसायला."

"ठरलं!" म्हणाली शिंपुली.

घरी येऊन तिने काय केलं? एप्रनला शिवले तीन खिसे. एक पोटाचा खिसा. त्यात पिल्लांचा खाऊ. एक दोऱ्याचा खिसा. त्यात कापसाचा दोरा. आणि एक दुकानाचा खिसा. झबलं विकलं की दाणे मिळायचे. थोडे पोटाला. थोडे दोऱ्याला. थोडे दुकानाला. पिल्लं म्हणायची, "आई, आई, दुकानाच्या खिशातला एकच दाणा दे ना!" शिंपुली म्हणायची, "तो दुकानाचा. तुमचा खाऊ ह्या खिशात." आणि खाऊ रोज मिळायचा हं. एक दिवस चुकला नाही.

दाणे साठले. साठता साठता खूप साठले. त्या दाण्यांची मिळाली एक गुंज. गोल गरगरीत, लालचुटूक!

सुतारदादाचा निरोप आला. "शिंपुताई, आज ऊन उतरायच्या आत ये. उद्या मी पल्याडच्या रानात चाललो. मग थेट दिवाळीलाच परत येईन."

शिंपुली निघाली. मान ताठ, शेपटी वर. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक.

पण अरे देवा! दुकानाच्या खिशाला शेवटची गाठ मारायचीच राहिली होती. दुसऱ्यांचं शिवता शिवता स्वतःच्या खिशाकडे बघायला वेळ कुठला! टाका सुटला. भोक पडलं. गुंज पडली. टप्! गर्र गर्र गर्र घरंगळली. आणि गेली खेकडोबाच्या बिळात. गडप!

शिंपुलीला रडू आलं. एक थेंब आला. दुसरा थेंब आला. तिसरा तिने येऊच दिला नाही. "माझ्या कष्टाची गुंज आहे," ती म्हणाली. "मी परत आणणार!"

"खेकडोबा, खेकडोबा, गुंज दे.
गुंज मिळाली की सुतारदादा दुकान बांधील.
दुकान झालं की माझी झबली सगळ्यांना दिसतील!"

खेकडोबा आतूनच बोलला. "नाही जा! बीळ माझं सुकलंय. कोरड्यात चाललं की पाय चरचरतात. पाणी आण, मग गुंज देतो. आणि एवढी घाई असेल तर पोटाच्या खिशातले दाणे दे की सुतारदादाला!"

शिंपुली म्हणाली,

"छे छे छे!
पोटाचा खिसा पोटाचा.
दोऱ्याचा खिसा दोऱ्याचा.
दुकानाचा खिसा दुकानाचा.
ह्याचं त्याला नाही, त्याचं ह्याला नाही!"

आणि निघाली. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक.

वाटेत भेटला पाट. शेताला पाणी नेतो ना, तो पाट.

"पाटदादा, पाटदादा, पाणी सोड.
पाणी आलं की खेकडोबा गुंज देईल.
गुंज मिळाली की सुतारदादा दुकान बांधील.
दुकान झालं की माझी झबली सगळ्यांना दिसतील!"

पाट कुरकुरला. "कसं सोडू? माझ्यात म्हैस बसलीय. ही एवढी! तिला उठव, मग पाणी सोडतो. नाहीतर दोऱ्याच्या खिशातला दोरा विकून टाक. आण दुसरी गुंज!"

शिंपुली म्हणाली,

"छे छे छे!
पोटाचा खिसा पोटाचा.
दोऱ्याचा खिसा दोऱ्याचा.
दुकानाचा खिसा दुकानाचा.
ह्याचं त्याला नाही, त्याचं ह्याला नाही!"

आणि निघाली. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक.

पाटात बसली होती म्हैस. काळीभोर, गुबगुबीत. डोळे मिटून रवंथ चाललेला. कचर कचर, कचर कचर.

"म्हशीमावशी, म्हशीमावशी, ऊठ की गं.
तू उठलीस की पाटदादा पाणी सोडील.
पाणी आलं की खेकडोबा गुंज देईल.
गुंज मिळाली की सुतारदादा दुकान बांधील.
दुकान झालं की माझी झबली सगळ्यांना दिसतील!"

म्हशीने एक डोळा उघडला. "मी नाही बाई उठत. बाहेर आले की माशा चावतात. बगळ्याला बोलाव. तो माशा खाईल, मग उठते." मग तिने दुसरा डोळा उघडला. "काय गं, तुझ्याकडे दोरा आहे म्हणे? दे मला. शेपटीला गोंडा करीन. गोंड्याने माशा हाकलीन."

शिंपुलीने ऊन बघितलं. ऊन खाली खाली येत होतं. द्यावा का दोरा? घ्यावी का गुंज? पण दोरा गेला तर उद्या झबली कशाने शिवायची? आणि झबली नाहीत तर दुकानात काय ठेवायचं? शिंपुली म्हणाली,

"छे छे छे!
पोटाचा खिसा पोटाचा.
दोऱ्याचा खिसा दोऱ्याचा.
दुकानाचा खिसा दुकानाचा.
ह्याचं त्याला नाही, त्याचं ह्याला नाही!"

आणि निघाली. जरा दमली होती. तरी निघाली. टुणुक... टुणुक... टुणुक... टुणुक.

पळसाच्या सावलीत उभा होता बगळा. पांढराशुभ्र. एका पायावर.

"बगळेमामा, बगळेमामा, माशा खा.
माशा गेल्या की म्हशीमावशी उठेल.
ती उठली की पाटदादा पाणी सोडील.
पाणी आलं की खेकडोबा गुंज देईल.
गुंज मिळाली की सुतारदादा दुकान बांधील.
दुकान झालं की माझी झबली सगळ्यांना दिसतील!"

बगळा म्हणाला, "माशा? वा वा! तोंडाला पाणी सुटलं. पण उन्हात नाही गं येत मी. डोकं तापतं. टोपी आण, मग येतो."

"टोपी?" शिंपुली म्हणाली.

"टोपी," बगळा म्हणाला. "पण टोपी शिवणार कोण? अख्ख्या रानात शिवतं का कोणी?"

शिंपुलीची शेपटी वर झाली. मान ताठ झाली. इवलीशी छाती फुगली.

"कोण म्हणजे? मी!"

पळसाने लगेच पान दिलं. त्याला काय, पानंच पानं! शिंपुलीने उघडला दोऱ्याचा खिसा. होता का दोरा? होता! भरपूर होता! पाटाने सांगितलं तरी विकला नव्हता. म्हशीने मागितला तरी दिला नव्हता. शिवणाचा दोरा शिवायला उरला होता.

टुच् टुच् सुर्रर्र. टुच् टुच् सुर्रर्र. झाली टोपी! आणि ह्या वेळी शेवटची गाठ विसरली का? नाही विसरली. एक गाठ मारली. वर आणखी एक मारली.

बगळ्याने टोपी घातली. हिरवी हिरवी, गोल गोल. पाण्यात वाकून बघितली. "वा! काय दिसतोय मी!"

मग काय झालं?

टोपी मिळाली, बगळा उडाला. फडफड फडफड!
बगळ्याने माशा खाल्ल्या. मटक मटक मटक!
माशा गेल्या, म्हैस उठली. डुबुक्... धप्प!
म्हैस उठली, पाटाने पाणी सोडलं. खळखळ खळखळ!
पाणी आलं, खेकडोबा बाहेर आला. तिरका तिरका, सुळक् सुळक्!
आणि खेकडोबाच्या नांगीत काय होतं? गुंज! गोल गरगरीत, लालचुटूक!

"घे बाई तुझी गुंज," खेकडोबा म्हणाला. "पाय कसे गारेगार झाले माझे!"

शिंपुलीने काय केलं? गुंज लगेच खिशात टाकली? छे! आधी खिसा शिवला. टुच् टुच् सुर्रर्र. शेवटची गाठ मारली. ओढून बघितली. पक्की! मग टाकली गुंज, आणि पळत सुटली. टुणुकटुणुकटुणुकटुणुक!

ऊन पार उतरत आलं होतं. सुतारदादाने बोचकं बांधलं होतं. पंख उघडले होते.

"थांब सुतारदादा, थांब! ही घे गुंज!"

सुतारदादाने गुंज बघितली. शिंपुलीकडे बघितलं. बोचकं खाली ठेवलं. "नाव सांग."

"शिंपुलीचं शिवणघर!"

टक टक टक. नाव लागलं.

"फोटो दे."

फुलाच्या झबल्याचा फोटो दिला. टक टक टक. फोटो लागला.

"पत्ता सांग."

"कर्दळीच्या पानाआड, पाटाच्या अलीकडे."

टक टक टक. पत्ता लागला. आणि उघडलं दुकान! पिसारा नव्हता. गाणं नव्हतं. चांदण्या नव्हत्या. पण काय सुंदर होतं! अगदी शिंपुलीचं होतं.

शिंपुली आपला मोबाइल घेऊन घरी गेली. पिल्लांनी माना उंचावल्या. "आई, हे कोणाचं गं दुकान?"

"आपलं," शिंपुली म्हणाली. "आपल्या दाण्यांचं. कोणापुढे चोच पसरली नाही. तुमचा खाऊ कमी केला नाही. एकेक दाणा साठवून बांधलं." आणि हे सांगताना तिचा आवाज जरासा कापरा झाला. आनंदानेसुद्धा होतो बरं का तसा आवाज.

तेवढ्यात, टिंग! ससूबाईंचा निरोप आला. "शिंपुताई, तुम्ही इतक्या जवळ होता? मला माहीतच नव्हतं! एक पिवळं झबलं पाठवा."

टिंग! खारूताई. "मला हिरवं! शेपटीला भोक ठेवा बाई."

टिंग! म्हशीमावशी. "माझ्या रेडकाला एक. सगळ्यात मोठं!"

टिंग! खेकडोबा. "माझ्या बाळाला एक. बाह्या जास्त लागतील हं."

टिंग टिंग टिंग!

शिंपुली शिवायला बसली. टुच् टुच् सुर्रर्र. टुच् टुच् सुर्रर्र. सगळ्यात आधी झालं ससूबाईंचं झबलं. ससूबाईंनी मोजून दाणे दिले. पिल्लं गोळा झाली. "आई, आता हे कुठे ठेवायचे?"

"तुम्हीच सांगा बरं."

पिल्लं एका सुरात म्हणाली,

"पोटाच्या खिशात पोटाचे!
दोऱ्याच्या खिशात दोऱ्याचे!
दुकानाच्या खिशात दुकानाचे!
ह्याचं त्याला नाही, त्याचं ह्याला नाही!"

"शाब्बास रे माझ्या राजांनो!" शिंपुली म्हणाली. आणि दुकानाच्या खिशात तिने पहिलाच दाणा टाकला तो दिवाळीचा. दुकान झाडायला-पुसायला. दिवाळी लांब होती. दाणा आधीच तयार होता.

अशी आमची शिंपुली. मुठीत मावेल एवढी. तिचं दुकान मात्र साऱ्या रानाला दिसतं.

गोष्टीला घातला टाका. टुच् टुच् सुर्रर्र. गोष्टीला मारली गाठ. ओढून बघा बरं. पक्की!