पालखीने आखलेली शीव

फार पूर्वी, डोंगराच्या कुशीतल्या एका गावी भैरवनाथाचे जागृत स्थान होते. चैत्री पौर्णिमेला देवाची पालखी गावाच्या शिवेवरून फेरा घाली. त्या फेऱ्याच्या आत जे येईल ते देवाचे, आणि जे देवाचे ते गावाने सांभाळायचे, असा तिथला नेम होता. फेऱ्यानंतर प्रसादाची पंगत बसे. पाने वाढून झाली की देवळाचा गुरव हाक घाली, "फेऱ्यातले कोणी राहिले का?" त्या हाकेला उत्तर मिळाल्यावाचून कोणी पहिला घास घेत नसे.

गावाच्या पूर्वेला, शिवेबाहेर, एक विस्तीर्ण माळ होता. एके वर्षी नदीच्या पुरात दूरच्या कोष्ट्यांची वस्ती वाहून गेली. राजाने आज्ञा केली, की त्या विणकरांसाठी या माळावर घरे बांधावीत. कोष्टी आपले मोडके माग घेऊन आले आणि माळावर पाले ठोकून राहिले.

गावात कुजबुज सुरू झाली. देवळाच्या मंडपात सभा भरली.

"आमची गुरे चरायची कुठे?" एकाने विचारले.

"तळे आधीच गाळाने भरले आहे. आपल्यालाच पाणी जेमतेम पुरते," दुसरा म्हणाला.

पाटील म्हणाला, "आणि दिवसभर त्या मागांची खटखट. देवाला तरी विश्रांती मिळेल का?"

पाटलाची थोरली भावजय खांबाआडून म्हणाली, "भाऊजी, देवाचे नाव कशाला? तुमच्या दुपारच्या झोपेचे सांगा की."

मंडपात हशा पिकला. पाटील मात्र गावाची हरकत घेऊन राजाच्या कारभाऱ्याकडे गेला. कारभारी म्हणाला, "माळ तुमच्या शिवेत असता, तर तुमच्या संमतीवाचून तिथे एक दगडही हलला नसता. पण तो शिवेबाहेर आहे."

परतीच्या वाटेवर पाटलाला एक युक्ती सुचली. पालखी जिथून जाते तीच शीव, हे राजालाही मान्य होते. मग यंदा पालखीच माळाच्या पलीकडून वळसा घालून नेली, तर माळ शिवेत येईल!

गावी येताच त्याने ती गुरवाला सांगितली. गुरवाने शांतपणे विचारले, "पाटील, एकदा घातलेला फेरा मागे घेता येत नाही. ध्यानात आहे ना?"

"तेच तर हवे आहे," पाटील म्हणाला.

पौर्णिमेला टाळ-मृदंगाच्या गजरात पालखी माळाकडे वळली. कोष्ट्यांमध्ये चिमाई नावाची एक वृद्धा होती. पालखी येताना पाहून ती लगबगीने पुढे आली आणि वाटेतले खडे पदराने झाडू लागली. वाहायला तिच्याजवळ फूल नव्हते. तिने कमरेच्या पिशवीतून पांढरे सूत काढले आणि पालखीच्या दांडीला बांधले.

"नाथा, आम्हाला अजून दार नाही," ती हात जोडून म्हणाली, "तरी तू दारी आलास."

पाटलाने मान दुसरीकडे फिरवली.

पालखी देवळात परतली. पंगत बसली, पाने वाढली गेली. गुरवाने हाक घातली, "फेऱ्यातले कोणी राहिले का?"

"कोणी नाही," पाटील घाईने म्हणाला.

गुरव हातातली पळी खाली ठेवून म्हणाला, "माळावरची माणसे फेऱ्यात आहेत."

"फेरा माळासाठी घातला होता, माणसांसाठी नव्हे."

"पालखीला तसे सांगितले होते का?"

पाटील पेचात पडला. फेरा खोटा म्हणावा, तर देवाचा अवमान आणि माळही हातचा जाणार. फेरा खरा म्हणावा, तर त्यातली माणसेही आपलीच. पाटलाची दृष्टी पालखीकडे गेली. दांडीवर ते सूत तसेच होते. ज्याच्या नावाने आपण कपट केले, त्याच्यावर त्या म्हातारीने निष्कपट मनाने विश्वास ठेवला होता. पाटलाचे मन भरून आले. तो भरल्या पानावरून उठला आणि स्वतः माळावर गेला.

"आजी, चला. पाने वाढली आहेत. गाव तुमच्यासाठी थांबले आहे."

चिमाई संकोचून म्हणाली, "आम्ही उपरी माणसे, पाटील."

"सकाळपर्यंत होतात," पाटील म्हणाला.

त्या दिवशी पंगतीत पाने कमी पडली, म्हणून दोघादोघांनी एका पानावर जेवून घेतले.

गावाची काळजी मात्र खोटी नव्हती. गवत कमी होते, पाणीही कमी होते. आता माळ शिवेत आल्याने घरांना संमती द्यायची की नाही, हे गावाच्या हाती होते. गावकरी आणि कोष्टी मंडपात एकत्र बसले. गवताचा उतार गुरांसाठी राखायचा, घरे वरच्या खडकाळ अंगाला बांधायची आणि तळ्यातला गाळ दोघांनी मिळून उपसायचा, असे ठरले. पाटलाने संमतीचा निरोप स्वतः कारभाऱ्याकडे नेला. उन्हाळाभर टोपल्या हातोहाती फिरल्या. पावसाळ्यानंतर तळे असे भरले, की जुन्या माणसांनाही तसे पाहिल्याचे आठवेना.

पुढच्या चैत्रात पालखीवर माळावर विणलेली शाल होती. माग तर दिवसभर खटखटत असत. पाटलाची भावजय येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे, "आता खटखट थांबली, की आमचे भाऊजी दचकून जागे होतात."

तात्पर्य एवढेच, की शीव देवाच्या नावाने आखावी, तर तिच्या आत आलेल्या प्रत्येकाला आपल्या पंगतीत बसवावे. आपली अडचणही त्याच पंगतीत मोकळेपणाने मांडावी, म्हणजे वाट निघते.