कडू भोपळ्यांचा घाट

खोलवडीच्या घाटावर उतरलात की आधी दिसतात ते छपरांवरचे वेल. भोपळ्याचा वेल नाही असं एकही घर इथं सापडायचं नाही. पण भाजीसाठी मागू नका हं, हसतील लोक! हे कडू भोपळे. जनावरसुद्धा तोंड लावत नाही. आम्ही ते वेलावरच वाळू देतो आणि टणक झाले की उतरवून आढ्याला टांगतो. मागं एक पाहुणे म्हणाले, खायचं नाही तर एवढा खटाटोप कशाला? म्हटलं, बसा त्या पायरीवर, सांगतो. तुम्हीही बसा. मोबाइल तेवढा खिशात ठेवा.

संस्थानी अमलातली गोष्ट आहे म्हणे. तेव्हा हा पूल नव्हता. पलीकडं जायला सगळ्या गावात एकच नाव होती आणि ती चालवायची बायजाक्का भोईण. नवरा गेला तेव्हा भावकीतल्या बाप्यांनी नाकं मुरडली, बाईमाणूस नाव काय चालवणार म्हणून. तिनं वल्हं उचललं आणि नाव पाण्यात लोटली. अंगानं काटक, जिभेनं तिखट, पण घाटावर आलेल्या माणसाला तिनं कधी परत धाडलं नाही. सासऱ्यानं मरताना तिच्याकडून शब्द घेतला होता म्हणतात, की घाट बंद पडू द्यायचा नाही आणि या घाटावर माणूस बुडू द्यायचा नाही.

एक साल असं आलं की नदी पार आटली. लोक वाळूतून चालत पलीकडं जायला लागले. नाव काठावर पडून राहिली, कमाई बंद झाली. संस्थानची नावपट्टी, म्हणजे नावेवरचा कर, मात्र आटली नाही. वसुलीला बापूजीपंत कारकून आले.

बायजाक्का म्हणाली, "पंत, नदीच न्हाई तर नावंची पट्टी कशी? पानी आलं की भरते."

"पाणी आलं की नाही, हे दरबार बघत नाही बाई," पंत म्हणाले. "नाव आहे ना? मग पट्टी आहे."

माणूस दुष्ट नव्हता, पण वरून हुकूम आला की त्याला दुसरं काही दिसत नसे. त्यांनी नाव जप्त केली. खांबाला साखळी, साखळीला कुलूप, कुलपावर लाखेची मोहोर. मुदतीत पट्टी आली नाही तर नावेचा लिलाव, आणि मोहोरेला जो हात लावेल त्याला तुरुंग.

आणि नशीब बघा, आठवडा जातो न जातो तोच वरच्या अंगाला पाऊस होऊन नदी दुथडी भरली. रानं पलीकडं, बाजार पलीकडं, सोयरेधायरे पलीकडं. नाव साखळीला. बायजाक्का इथंच, या पायऱ्यांवर उभी राहून रागानं रडली म्हणे. मग तिनं पाण्यातल्या देवींची, आसरांची ओटी भरली आणि नवस बोलली, "मोहोरंला हात लावनार न्हाई. माफीबी मागनार न्हाई. पन घाट एक दिस बंद ऱ्हानार न्हाई."

घरातले वाळके भोपळे तिनं दोरीच्या जाळ्यात आवळून बांधले, वर एक बाज ठेवली. याला सांगड म्हणतात. बाजेवर माणूस बसवायचं आणि आपण पोहत पोहत ती ढकलायची. दिवसभर तिनं अशीच माणसं नेली आणली. संध्याकाळी पंत हजर. "भाडं घेतेस ना? मग हीही नावच!" सांगड जप्त, रवानगी चावडीत.

सकाळी बघतात तर नवी सांगड पाण्यात! शेजारच्यांनी भोपळे दिले होते. तीही जप्त झाली. मग पलीकडच्या आळीनं दिले. पंत जप्त करत राहिले, गाव देत राहिलं. चावडी आढ्यापर्यंत भोपळ्यांनी भरली, शिपायांना पाठ टेकायला जागा उरेना. लोकांना हसू आवरेना. पण सरकारचा हट्ट काही कमी होईना, आणि भोपळे मात्र सरत आले. शेवटी घराघरात बियाण्यासाठी राखलेला एकेकच राहिला. तो दिला की पुढच्या साली वेल नाही. बायजाक्काला मागायचा धीर होईना. तेव्हा म्हातारी गिरजा न्हावीण आपला भोपळा पोटाशी धरून आली. "घे आक्का. घाटच ऱ्हायला न्हाई तर येल कुनासाठी लावू?" तिच्यामागून सगळं गाव आलं. त्याही भोपळ्यांची सांगड झाली आणि तीही चावडीत गेली.

दुसऱ्या दिवशी लिलाव होता. बोली लावणारा ठेकेदार पलीकडच्या काठावर उभा, नाव तिकडं न्यायची होती. वल्हं धरायला एकही भोई पुढं आला नाही. पंतांनी आपल्या हातानं नावेची मोहोर काढली, शिपायांना वल्ही दिली आणि निघाले. मध्यधारेत शिपायांचा हात चुकला, नाव आडवी झाली आणि उलटली.

घाटावर कुणीतरी म्हणालं, "जाऊ द्या. आपसूक पीडा टळली."

बायजाक्का गर्रकन वळली. "थोबाड फोडीन! माज्या घाटावर मानूस बुडायचा न्हाई!"

तिच्या हाताशी काहीच नव्हतं. होतं ते सगळं चावडीत, सरकारी कुलूप-मोहोरेखाली. तिनं क्षणभर नदीकडं बघून हात जोडले, धोंडा उचलला आणि मोहोरेसकट कुलूप फोडलं. मग गावच्या गाव धावलं. पाट्या भरभरून भोपळे वरच्या अंगाला पाण्यात ओतले. नदी या काठापासून त्या काठापर्यंत भोपळ्यांनी पिवळी झाली होती, असं सांगतात. बायजाक्का त्यांच्या बरोबरीनं पोहत गेली. पंत आणि शिपाई मिळेल तो भोपळा कवटाळून तरंगले, आणि तिनं एकेकाला काठाला आणलं. नाव गेली ती गेलीच.

पंत कुडकुडत बसले होते, छातीशी धरलेला भोपळा सोडवत नव्हता. बायजाक्कानं त्यांच्यापुढं दोन्ही हात केले. "मोहोर फोडली, पंत. नवसबी मोडला. बांधा."

पंत म्हणाले, "पट्टी माफ करवतो."

"माफी नगं. म्या काय चोरी केली? पानी असंल त्या म्हैन्यांची पट्टी घ्या, कोरड्या म्हैन्यांची मागू नका. आनि पान्यात जीव कसा झाला, त्ये दरबारात तुमच्या तोंडानं सांगा."

पंतांनी खरंच सांगितलं म्हणे. कोरड्या महिन्यांची पट्टी कायमची उठली, बायजाक्काला नवी नाव मिळाली. भोपळे मात्र सगळे वाहून गेले होते, बीसुद्धा उरलं नव्हतं. पण पूर ओसरला आणि दोन्ही काठांच्या गाळात, नजर पोचेल तिथवर, वेल उगवून आले. गावाला तो आसरांचा कौल वाटला, नवस मोडल्याचा राग नाही म्हणून.

आजही श्रावणात एका सोमवारी आम्ही सांगड पाण्यात सोडतो. पूल आहे हो, पण त्या दिवशी पुलावरून कुणी जात नाही. पहिल्या खेपेचा मान गावातल्या कुणाचा नाही, तालुक्याच्या वसुलीच्या साहेबांचा. रीतसर आमंत्रण जातं. नवीन साहेब जरा कुरकुरतात, पण येतात. विजार गुडघ्यापर्यंत दुमडून बाजेवर बसतात. मध्यधारेत भोई हात थांबवतो, सांगड डुलायला लागते आणि घाटावरून सगळं गाव एका आवाजात विचारतं, "साहेब, जीव कसा होतोय?"

साहेब खरं काय ते सांगत नाहीत तोवर सांगड पुढं सरकत नाही.