बेडूकरावांना मिळालेली दाद

फार वर्षांपूर्वी, एका गावाबाहेरच्या तळ्यात बेडकांची गाणारी मंडळी होती आणि बेडूकराव त्यांचे बुवा होते. संध्याकाळी गाणं सुरू झालं की काठावरच्या झुडपात सशीणबाईची पिल्लं दचकून उठायची. कुणी तक्रार केली की बेडूकराव फुगून म्हणायचे, "गाणं कळायला कान लागतात!"

सशीणबाईला तर कान चांगले लांबलचक होते. पण ती भांडली नाही. तिने बेडूकरावांना घरी फराळाला बोलावलं. "आणि गाणं बंद ठेवू नका हं," असंही सांगितलं.

बेडूकराव ऐटीत येऊन बसले. तळ्यावर शिष्यांनी सूर लावला. सशीणबाई काहीतरी म्हणाली.

"काय म्हणालात?"

ती पुन्हा म्हणाली.

"अहो, जरा मोठ्याने बोला!"

तिसऱ्यांदाही काही कळेना, तेव्हा बेडूकराव वैतागून तळ्याकडे वळले आणि ओरडले, "अरे, जरा हळू! इथे घरात बोललेलं ऐकू येत नाही!"

आपलंच बोलणं कानावर पडलं आणि ते वरमले. तळ्यावर गाणं हलक्या सुरात पुन्हा सुरू झालं.

"तर... काय म्हणत होतात?"

"तेच हो," आता कुठे डोळा लागलेल्या पिल्लांवर गवत सारत सशीणबाई म्हणाली, "तुमची मंडळी गातात फार छान. कधीपासून सांगतेय."