दहा नखांवरचं गोंदण

“आणि सोलताना फाटलं तर?”

आश्लेषानं हे तिसऱ्यांदा विचारलं.

हौसाई मिश्री लावत होती. तोंडात मिश्री असताना ती बोलत नाही, आणि तिच्या तोंडात मिश्री दिवसाचे चौदा तास असते. लोक तिला गुरू म्हणायला लागले ते यामुळंच.

पन्नास वर्षं तिनं आसपासच्या वाड्यावस्त्यांवरच्या बायकांचे हात गोंदले. हात थरथरायला लागला तशी सुई ठेवून दिली आणि टेकडीवरच्या मठाच्या ओसरीवर येऊन बसली. मठात खरे महाराजही आहेत. ते आत असतात, सगळं समजावून सांगतात, म्हणून त्यांच्याकडं कुणी जात नाही.

आश्लेषा म्हणजे स्टँडमागच्या ब्यूटी पार्लरची मालकीण. पुण्याला जाऊन एकवीस दिवसांचा कोर्स करून आली. त्याचं प्रमाणपत्र तिनं आरशाच्या बरोबर वर लावलंय, म्हणजे गिऱ्हाइकानं स्वतःचं तोंड बघायच्या आधी हिचं नाव वाचावं.

अशी बाई सकाळी सकाळी टेकडी चढून आली होती. पायात एकच पैंजण. दुसरं घालायचं राहिलं म्हणे.

कारण कस्तुरीचं लग्न उद्यावर आलं होतं.

कस्तुरीला आई नाही. आजीनं वाढवलं. ती आजी, तारामती, श्रावणात गेली. वर्षाच्या आत उरकायचं म्हणून लग्न मार्गशीर्षात धरलं. पोरीनं ना हार मागितला ना शालू. मागितलं एवढंच, की आजीच्या मनगटावर जी वेल गोंदलेली होती ती आपल्या नखांवर पाहिजे. दहाही नखांवर. मांडवात हात जोडले की आजी दिसली पाहिजे.

बाजारात नखांवर चिकटवायच्या तयार नक्ष्या मिळतात. फुलपाखरं मिळतात, बदाम मिळतात, इंग्रजी अक्षरं मिळतात. तारामतीची वेल मिळत नाही.

आश्लेषा म्हणाली होती, मी घरी बनवते, त्यात काय आहे.

हे ‘त्यात काय आहे’ ती जिथं जिथं म्हणाली आहे, तिथं काहीतरी सांडलंय, नाहीतर कुणाच्या तरी भुवया गेल्यात.

तशी कृती सोपी. पारदर्शक फाइलच्या प्लास्टिकवर बिनरंगी नेलपॉलिशचे दोन थर द्यायचे. ते वाळले की टाचणीच्या डोक्यानं वर रंगाची नक्षी काढायची. ती वाळली की पुन्हा एक बिनरंगी थर. तो वाळला की चिमट्यानं अलगद सोलायचं आणि नखावर बसवायचं.

यात ‘वाळलं की’ तीनदा येतं. आश्लेषानं ते तीनदा गाळलं.

आठ दिवस तिचं हेच चाललं होतं. केस वाळवायच्या मशीननं वाळवलं, तर बुडबुडे आले. फ्रीजमध्ये ठेवलं, तर तडे गेले. पंख्याखाली ठेवलं, तर हिलाच पंख्याखाली बसवेना. सोलायला गेलं की कधी दोऱ्यासारखं लांबायचं, कधी मधूनच फाटायचं. आणि कस्तुरीला रोज फोनवर सांगायचं, झालंच बघ.

हौसाईनं चूळ भरली. तोंड पुसलं. बघू, असा हात केला.

आश्लेषानं पिशवीतून सात प्लास्टिकचे तुकडे काढले. हौसाईनं एकेक उजेडात धरला. वेळ लावला. आश्लेषानं तेवढ्यात दोनदा मोबाइल बघितला, एकदा केस बांधले, एकदा सोडले.

“ही येल कुणाची?”

“तारामतीआजींची.”

“न्हाई.”

…

“मोबाइलवरून घेतली,” आश्लेषा म्हणाली. “आजींचा नीट फोटो नव्हता. गोंदण म्हणजे सगळं सारखंच असतं ना.”

हौसाईनं तुकडा आणखी वर धरला.

“आन् येलीवर हे गोल गोल काय काढलंस?”

आश्लेषानं वाकून बघितलं. सातही तुकड्यांवर, प्रत्येक वेलीच्या मधोमध, अंगठ्याच्या रेघा उमटल्या होत्या.

“ते… वाळलं का बघत होते.”

“हेवढंच नीट उमटलंय,” हौसाई म्हणाली.

ओसरीवर आम्ही चौघेपाचजण बसलो होतो. हसलो. हसायलाच बसलो होतो. आश्लेषानं आमच्याकडं असं बघितलं की एकाची टोपी पडली.

मग हौसाईनं तिचं मनगट ओढून मांडीवर घेतलं आणि बोटानं त्यावर ठिपके द्यायला सुरुवात केली. कुठं कागद नाही, चित्र नाही. खालून देठ. या अंगाला चार पानं. त्या अंगाला तीन. पन्नासएक वर्षांपूर्वीचा हात तिला असा आठवत होता, आणि सकाळी चप्पल कुठं काढली ते आठवत नव्हतं.

“इकडचं चौथं पान?” आश्लेषानं विचारलं.

ते नाहीच, असं हौसाईनं सांगितलं. तारामती तेव्हा नऊ वर्षांची. आईनं हात धरून ठेवला होता. सातव्या पानाला पोरीनं आईला चावा घेतला आणि बांधावरून पळाली ती संध्याकाळीच घरी आली. पुन्हा सुईखाली बसली नाही. लग्न झालं, सुना आल्या, तरी वेल तशीच.

आश्लेषा म्हणाली, मग आता आपण पुरी करू. लग्नासारखं कार्य, नखावर लंगडी वेल बरी दिसणार नाही. एक पान घालायला कितीसा वेळ लागतो.

हौसाईनं तिच्या हातातली टाचणी काढून घेतली आणि स्वतःच्या अंबाड्यात खोवली.

“मग तुझ्या आजीची काढ.”

…

बऱ्याच वेळानं आश्लेषानं टाचणी परत मागितली. सात पानांपुरती, असं म्हणून मागितली. तेव्हा मिळाली.

एक गोष्ट मान्य केली पाहिजे. बाईचा हात चांगला आहे. हिरवा आणि काळा रंग मिसळून तिनं गोंदणाचा तो जुना हिरवट रंग बरोबर साधला. नखाएवढ्या जागेत देठ, चार पानं, तीन पानं. अशा अकरा वेली काढल्या. दहा नखांच्या दहा, एक राखीव. वरचा थर देऊन झाला तेव्हा अकरा वाजले होते. कस्तुरी मेंदी काढून चार वाजता पार्लरवर येणार होती. आश्लेषाची बाटली तळाला गेली होती. पुन्हा काढायच्या म्हटलं तर बिनरंगी नव्हतं आणि वेळही नव्हता.

म्हणजे आता काम एकच उरलं होतं. काही न करणं.

पाच मिनिटं ती बसली. मग उठली. प्लास्टिक उन्हाच्या तिरिपेत सरकवलं. मग सावलीत सरकवलं. मग फुंकर मारली. मग महाराजांच्या दाराशी जाऊन घड्याळ बघून आली, आणि मोबाइलमध्ये तेच घड्याळ पुन्हा बघितलं. मग खाली बसली आणि पहिल्या वेलीला बोट लावलं.

वेल बोटाबरोबर वर आली.

अकराच्या दहा झाल्या. राखीव संपली.

“पार्लरमध्ये मी बोटानंच बघते,” ती म्हणाली. “हाताला कळतं.”

हौसाईनं त्या बोटाकडं बघितलं. आश्लेषानं हात मांडीखाली दाबून ठेवला. तो हात हळूहळू मांडीखालून निघाला आणि दुसऱ्या वेलीकडं चालू लागला. तिचा हात आहे, पण तिला विचारून निघाला असेल असं वाटलं नाही.

“हात दे,” हौसाई म्हणाली.

काहीतरी शिकवते आहे असं समजून आश्लेषानं हात पुढं केला. दुसऱ्या हातानं हौसाईनं आश्लेषाच्याच पिशवीतली लाल नेलपॉलिशची बाटली काढली. मनगट असं धरलं, जसं शेकडो पोरींचं धरलं असेल. सुटायची सोय नाही. आणि रंगवायला लागली.

थरथरता हात. नखावर कमी, बोटावर जास्त. एक थर, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. मग दुसरा हात. दहाही बोटं दुसऱ्या पेरापर्यंत लाल. पुण्याच्या प्रमाणपत्राची बाई, आणि हात असे, जणू वीटभट्टीवर माती कालवून आली. अर्धी बाटली संपली. तेवढा जाड थर वाळायला दुपार लागते, हे आश्लेषाला पक्कं ठाऊक. कोर्समध्ये पहिल्याच दिवशी शिकवतात.

“आता बस,” हौसाई म्हणाली.

आता काय सांगू.

ओल्या नखांची बाई म्हणजे दोन्ही पंजे हवेत धरून बसलेलं माणूस. तिला पदर सावरता येत नाही. पाणी पिता येत नाही. बसल्या बसल्या तिच्या नाकाला खाज सुटली. ती नाक खांद्याला घासायला गेली तर बट तोंडात गेली. बट थुंकून काढायला गेली तर ओसरीवरून कुणीतरी विचारलं, बाई, भुवया करायचं काय घेता. तिनं तोंडात आलेलं गिळलं.

फोन वाजला. पडद्यावर कस्तुरीचं नाव. तिच्यासमोर वाजून वाजून बंद झाला. पुन्हा वाजला. पुन्हा बंद झाला.

“तिला वाटेल मी पळाले,” आश्लेषा म्हणाली.

हौसाई एव्हाना आडवी झाली होती. तिनं कूस बदलली.

मग मठाची शेळी आली. तिला प्लास्टिक फार आवडतं. मागच्या आठवड्यात तिनं महाराजांच्या प्रवचनाची वही खाल्ली, तेव्हापासून गावात तिला मान आहे. ती वास घेत घेत वेलींच्या दिशेनं निघाली. आश्लेषा गुडघ्यांवर उभी राहिली, दोन्ही हात वर, आणि शेळीवर ओरडली. शेळी थांबली. विचार केला. पुढं आली. शेवटी आश्लेषा प्लास्टिकच्या आणि शेळीच्या मध्ये मांडी घालून बसली आणि शेळीच्या डोळ्यात बघत राहिली. दोघींपैकी कुणीच हलेना.

शेळी कंटाळून गेली.

आश्लेषा तशीच बसून राहिली. वळून वेलींकडं तोंड केलं. करण्यासारखं दुसरं काहीच नव्हतं, म्हणून बघू लागली. आधी दहा दहा सेकंदांनी मान वळवायची. मग कमी झालं. पाय हलायचा थांबला. मग बराच वेळ कुणालाच तिचा आवाज आला नाही, म्हणून आम्हीच दोनदा खाकरलो. आम्हालाच चैन पडेना.

तीन वाजत आले असतील.

“हौसाई,” ती हळूच म्हणाली. “कड उठली.”

एका वेलीची कड प्लास्टिकवरून आपली आपण सुटून वर आली होती. केसभर. मग शेजारची. मग तिसरी.

“मी हात नाही लावला.”

हौसाईनं डोळे उघडले नाहीत.

आश्लेषाची स्वतःची नखं एव्हाना वाळली होती. तिनं चिमटा घेतला. पहिली वेल उचलताना श्वास धरला तो दहावीला सोडला. सगळ्या अखंड निघाल्या. तळहातावर ठेवल्या तर तळहाताच्या रेघा आरपार दिसत होत्या.

साडेचारला कस्तुरी आली. हातावर मेंदी, चेहऱ्यावर रडून पुसल्याच्या खुणा. पार्लरला कुलूप बघून, स्टँडवर विचारत विचारत इथवर चढून आली होती. फोन का उचलला नाही, असं विचारायला तोंड उघडलं आणि आश्लेषाचे लाल पंजे बघून तसंच ठेवलं.

आश्लेषा काही सांगत बसली नाही. हे तिच्या आयुष्यात पहिल्यांदा घडत होतं. तिनं कस्तुरीला समोर बसवलं, नखांवर बाटलीच्या तळातलं बिनरंगी बोटबोट लावलं, एकेक वेल बसवली, कडेचं जास्तीचं कापून काढलं, आणि उरलासुरला थेंब थेंब वरून फिरवला.

दहावं नख झालं. कस्तुरीनं हात डोळ्यांजवळ नेला. ओठ हलत होते. पानं मोजत होती. एका अंगाला चार. दुसऱ्या अंगाला तीन.

मग तिनं पुन्हा मोजली.

आमच्यातल्या एकाला बोलायचं होतं. त्याला आम्ही चिमटा काढला.

“किती दिवस राहील?” कस्तुरीनं विचारलं.

आश्लेषानं आधी खोटं बोलायला तोंड उघडलं, ते दिसलं. मग मिटलं.

“आठ दिवस. सासरी भांडी घासायला लागलीस तर चार.”

कस्तुरीचा चेहरा उतरला. ती सरकत सरकत हौसाईसमोर गेली. बांगड्या कोपराकडं सारल्या आणि मनगट पुढं केलं. मेंदी संपते आणि कोरी कातडी लागते, तिथपर्यंत.

“मग मला पक्कंच गोंदा,” ती म्हणाली. “तुमची सुई आहे ना अजून. थरथरला हात तरी चालेल.”

आश्लेषानं लाल हात तोंडावर ठेवला.

हौसाईनं ते मनगट घेतलं. आपल्या मांडीवर ठेवलं. तिचा हात थरथरत होता, त्याच्याबरोबर पोरीचं मनगटही थरथरायला लागलं. हौसाईनं त्या कोऱ्या जागेवरून अंगठा फिरवला. एकदा खालून वर. एकदा वरून खाली…

मग तिनं पोरीचा हात उचलून पोरीच्याच गुडघ्यावर ठेवला आणि एकेक बोट सुटं करून पसरलं.

“तारामतीला पक्कंच घातलं हुतं मी,” ती म्हणाली. “सरावणात जळालं ते… बोटं हलवू नगंस. वरचं वलं हाय अजून.”