इद्रिसची नखं

खाडीकाठच्या एका गावात एक शमसुद्दीन कापडवाला होता, आणि गावाला तेवढा एक पुरे होता. दर शुक्रवारी नखं कापायचा. मिशीचा केस ओठावर उतरू द्यायचा नाही. अत्तर इतकं चोपडायचा, की तो वळणावर असतानाच मशिदीतल्या म्हाताऱ्यांना शिंका सुरू व्हायच्या. नमाजाआधीची वजू, म्हणजे हात, तोंड, पाय धुणं, अशा जोरात करायचा की हौदातले मासे तळ गाठत.

एवढ्यावर थांबला असता तर बरं होतं. पण न्हाऊन निघालेल्या माणसाला दुसऱ्याचा मळ फार ठळक दिसतो. तुम्ही हसू नका, आपल्या घरातही असा एक असतोच.

रांगेत त्याच्या उजव्या खांद्याला इद्रिस उभा राहायचा. लहानपणचा दोस्त. होड्यांच्या फटींत कापूस ठासून वर डांबर लावण्याचा त्याचा धंदा. रॉकेलने घासली तरी नखांच्या कडा काळ्याच राहायच्या. नमाज संपली की तो शमसुद्दीनला कोपराने ढोसून विचारायचा, "आज किती शिंका?"

एका शुक्रवारी हौदावर गर्दी होती. शमसुद्दीनला लहर आली. बाजारात पापलेट उचलून दाखवतात तसा त्याने इद्रिसचा हात वर धरला.

"बघा रे. या डांबराखाली पाणी पोचतं? नाही. मग वजू झाली? नाही. मग इतकी वर्षं याने नमाज पढली की कवायत केली?"

लोक हसले. इद्रिसही हसला. "खरंय भाई," म्हणाला, हात सोडवून घेतला आणि चपला घालून चालता झाला.

पुढच्या शुक्रवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. "नखं घासत बसला असेल," शमसुद्दीन म्हणाला. लोक पुन्हा हसले, पण जरा कमी. उजव्या बाजूला आता शाळेचे मास्तर उभे राहू लागले. भले गृहस्थ. पण मास्तर काही शिंका मोजत नाहीत.

असं वर्ष सरलं. मग एकदा शमसुद्दीन स्वतःच सांडलेल्या पाण्यावर घसरला आणि मनगट मोडून बसला. कोपरापर्यंत प्लास्टर. रडकुंडीला येऊन त्याने मौलानांना गाठलं.

"मौलाना, याच्या खाली पाणी जात नाही. माझी नमाज बुडाली."

"बुडते कशाला? वरून ओला हात फिरव."

"एवढंच?"

"एवढंच. माणसाच्या अडचणीला सवलत आहे."

शमसुद्दीनचा जीव भांड्यात पडला. दारापर्यंत गेला आणि तिथेच थांबला.

"मौलाना, कुणाच्या नखांत धंद्याचं डांबर असलं तर?"

"निघेल तेवढं काढावं. उरलेलं माफ."

"हे तुम्ही तेव्हा का नाही सांगितलंत?"

"मी आतच होतो. तू विचारायला आला नाहीस. तू बाहेर शिकवत होतास."

तो तसाच होड्यांकडे गेला. उपड्या होडीखालून इद्रिस बाहेर आला.

"माझं चुकलं, इद्रिस. तुझी वजू होत होती. सगळी."

"मी कधीच माफ केलं रे."

"मग शुक्रवारी ये."

इद्रिसने हाताला चिकटलेला कापूस झटकला. "इथे होडीच्या सावलीत पढायची सवय झाली आता. इथे कुणी हात बघत नाही."

मग त्याने चहा मागवला. मनगट दुखतं का विचारलं. येतो असं मात्र म्हणाला नाही.

त्या शुक्रवारी शमसुद्दीनने आपल्या उजवीकडे एका माणसापुरती जागा सोडली. पण रांगेत जागा सोडायची नसते. "खांद्याला खांदा लावा," मौलानांनी पुढून सांगितलं, आणि मास्तर सरकून आत आले.

तात्पर्य: अर्धा नियम शिकून दुसऱ्याला चारचौघांत शिकवू नये. चुकीला माफी मिळते, पण दुखावून घालवलेला माणूस परत येतोच असं नाही.