सासुरवाडीची माणसं

सकाळी बोरजाईहून पायी भटकायला निघालेले आम्ही बावीस जण दुपारी सोनवडीच्या शिवेवर अडकलो. पलीकडच्या फाट्यावरून शेवटची एसटी साडेचारला होती आणि वाटेच्या तोंडाशी तात्यासाहेब काठी आडवी धरून उभे होते. त्यांचं सभापतिपद जाऊन नऊ वर्षं झाली होती, पण आवाजातून ते अजून गेलं नव्हतं.

"हे रान माझं. इथून फक्त आमचे पाहुणे जातात. बाकीच्यांनी डोंगराला वळसा घालावा."

वळसा म्हणजे दोन तास. आम्ही हात जोडले, नकाशा दाखवला. तात्यासाहेब ढिम्म.

तेव्हा आमच्यातल्या सत्तरीच्या मथूताई पुढे झाल्या. "तात्यासाहेब, तुमची सासुरवाडी बोरजाईच ना?"

"हो. का?"

"सकाळी तुमच्या मेव्हण्यांच्याच ओसरीवर पिठलं-भाकरी खाऊन निघालो आम्ही. आता सासुरवाडीहून आलेली बावीस माणसं तुम्ही बांधावरून परत धाडलीत, हे वहिनींना तुम्ही सांगता की मी सांगू?"

तात्यासाहेबांनी एकवार घराकडे पाहिलं, काठी खाली घेतली आणि हळूच विचारलं, "बिनसाखरेचा चहा किती जणांना?"