हाकेच्या वशाची कहाणी

ऐक सटवाईबाई, तुझी कहाणी. बायांनो, मुठीत तांदूळ धरा. चुळबुळ झाली तर होऊ द्या, आजची कहाणी चुळबुळ्या लेकीचीच आहे.

नगर होतं आटपाट. वेशीपाशी सारजा कुंभारीण राही. तिला एकच लेक, भिवरा. लेक मायाळू, पण पायांना भिंगरी. पाण्याला धाडावी, तर घागर वाटेत ठेवून करडामागं जाई. जेवायला बसवावी, तर दोन घास खाऊन उठे. अंगणात मडकी वाळत घालावीत, तर त्यांतूनच धावत सुटे. मग सारजा हाक मारी, "भिवरे, इकडं ये." पोर येई. आली की पाठीत धपाटा बसे. घागर विसरली, हाक आली, धपाटा बसला. ताट लवंडलं, हाक आली, धपाटा बसला. मडकं फुटलं, हाक आली, धपाटा बसला.

सारजेला नावं ठेवू नका हो. दिवसभर चिखल तुडवायचा, पोरीमागं धावायचं, वर सासूनं म्हणावं, "तुला पोरीला वळण लावता येत नाही." शेजारणीनं म्हणावं, "आमची बघ कशी बसतात." बाईचा जीव विटला. मग ती सटवाईच्या देवळात गेली, नवस बोलली, "आई, माझ्या लेकीला एका जागी बसव. तुझी खणानारळानं ओटी भरीन."

मग पावसाळा आला. मातीची खाण पाण्यानं भरली. भिवरा बेडकामागं काठावर गेली. काठ खचत होता. सारजेनं पाहिलं, जीव खाऊन हाक मारली, "भिवरे, इकडं ये." पोरीनं ऐकलं. हाकेमागनं काय येतं, ते तिला ठाऊक होतं. ती उलटी पळाली. काठ ढासळला, पोर खाली गेली. लोकांनी ओढून काढली. जीव वाचला, पाय मोडला.

मग भिवरा एका जागी बसली. हाक मारली की डोळे मिटून घेई. सासू म्हणाली, "शांत झाली बाई पोर." शेजारीण म्हणाली, "नवस फळला." सारजेनं लेकीचे मिटलेले डोळे पाहिले.

मग ती सटवाईच्या पायरीवर पडली. "आई, नवस मागं घेते. तिला पळू दे, मडकी फोडू दे."

सटवाई म्हणाली, "बाई, मी काही केलं नाही. तिच्या पायांत वारा मी लिहिला. त्यात तुझी चूक नाही, तिचीही नाही. पण हाक तुझी होती. तिलाच भिऊन ती पळाली."

"मग मी करू काय?"

"वसा घे. हाकेला आली, तर हात उगारू नये, मग काहीही फुटलेलं असो. जवळ घ्यावं, खांद्यावर हात ठेवावा. एका वेळी एकच काम सांगावं. विसरली, तर पुन्हा सांगावं."

"उद्यापन कधी करू?"

"याला उद्यापन नाही. थकशील, चिडशील, एखादे दिवशी वसा मोडशील. दुसऱ्या दिवशी परत धर."

सारजेनं वसा घेतला. मोडला, रडली, परत धरला. पाय सांधला, पण वाकडा सांधला. भिवरा लंगडत धावू लागली. एके दिवशी मडक्यांची अख्खी रांग आडवी केली न् कुंपणापाशी जाऊन उभी राहिली. सासू दारातून बघत होती. सारजेचा हात शिवशिवला. मग ती खापरांतच खाली बसली, दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले.

"भिवरे, इकडं ये." पोरीनं पाहिलं नाही.

"भिवरे, इकडं ये." पोरीनं पाहिलं.

"भिवरे, इकडं ये." पोर आली. लंगडत आली, डोक्यावर हात आडवा धरून आली. सारजेनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. मग सारजा म्हणाली, "जा, केरसुणी आण."

भिवरा गेली. अर्ध्या वाटेत विसरली. सारजा उठली, पुन्हा सांगायला गेली.

सारजेची लेक हाकेला आली, तशी तुमची आमची लेकरं येवोत. आता तांदूळ देवीला वाहा. ज्यांचे सांडले, त्यांनी वेचून वाहा. लांबलचक कहाणी थोडक्यात सांगितली, ऐकणारीच्या पदरी सुफळ होवो.